सामान चढलं की गाडी बदलते : कॅम्पिंग रॅलीला निघणाऱ्यांचे प्रश्न

पाऊस सरला की ठाणे-नवी मुंबईतून शनिवारी पहाटे तंबू बांधलेल्या मोटरसायकली बाहेर पडताना दिसू लागतात. रायडर्सच्या रॅलींचा हंगाम हिवाळाभर चालतो, त्यामुळे या महिन्यातली बहुतेक पत्रं याच विषयावर आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. रोज ऑफिसला नेतो त्या गाडीचा अंदाज बांधून लोक सातशे किलोमीटरची तयारी करतात. सामान चढल्यावर ती गाडी तशी राहत नाही. तिचे टायर, चेन, ब्रेक, दिवा, स्टँड सगळं वेगळं वागतं. बहुतेक उत्तरांचा धागा तोच आहे.

हंपीजवळच्या कॅम्पिंग रॅलीला पत्नीसह जायचं आहे. गाडी ३५० सीसी. दोन साइड बॅग, मागे एक मोठी बॅग, तंबू आणि दोन स्लीपिंग बॅग असं सामान आहे. ते कसं बांधावं? निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग ठरवलं आहे, ते पुरेल ना? (ऐरोली)

आधी सर्व्हिसिंगचं सांगतो, कारण तारीख अजून बदलता येईल. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. किमान दोन, शक्यतो तीन आठवडे आधी करा आणि त्यानंतर गाडी ३०० किलोमीटर चालू द्या. ऑइलचा ड्रेन बोल्ट नीट आवळलेला नाही, फिल्टरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) दुमडली, क्लच केबल जास्त ताणली, अशा सर्व्हिसिंगमधल्या चुका पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये उघड्या पडतात. त्या पाम बीच रोडवर उघड्या पडलेल्या बऱ्या, कित्तूरच्या पुढे नकोत. नवे ब्रेक पॅड डिस्कवर बसायला आणि नव्या टायरची गुळगुळीत कातडी उतरायलाही दीडशे-दोनशे किलोमीटर लागतात.

आता वजन. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. समजा कमाल ३६० किलो आहे आणि गाडी १९५ किलोची आहे, तर १६५ किलो उरले. तुम्ही दोघं मिळून १३५ किलो धरलं, तर राहिले ३०. दोघांचे हेल्मेट, जॅकेट, बूट, गुडघ्यांचे गार्ड यांचेच १२ ते १४ किलो होतात. म्हणजे सामानासाठी हातात १६ किलो. तुमच्या यादीतलं सगळं वजनकाट्यावर ठेवलंत तर ते २५च्या खाली येणार नाही. स्टोव्ह, भांडी आणि घडीच्या खुर्च्या घरी ठेवा, रॅलीच्या जागी जेवण मिळतं. ज्या गोष्टीशिवाय रात्र काढता येत नाही तेवढीच न्या.

बांधताना जड ते खाली आणि पुढे. पाने, ट्यूब, पाण्याच्या बाटल्या, सुटे भाग साइड बॅगच्या तळाशी जातील, तेही मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या (आसाच्या) पुढच्या बाजूला. दोन्ही बॅगांच्या वजनात एक किलोहून जास्त फरक नको. तंबू आणि स्लीपिंग बॅग हलक्या पण मोठ्या असतात, त्या मागे आडव्या बांधा. त्यांची रुंदी हँडलपेक्षा कमी हवी. ॲक्सलच्या मागे जितकं वजन लटकेल तितकं पुढचं चाक हलकं होतं. मग ऐंशी-नव्वदच्या वेगात ट्रकचा झोत लागला की हँडल डुलायला लागतं. असं झालं तर हँडल घट्ट धरून ठेवू नका आणि ब्रेक दाबू नका. पकड सैल ठेवून थ्रॉटल हळूहळू कमी करा, गुडघ्यांनी टाकी धरा, डोलणं थांबतं. पुढच्या थांब्यावर मागचं वजन पुढे घ्या.

बंजी दोर घरी ठेवा, हे आमचं ठाम मत आहे. ताणलेला दोर सुटला की त्याचा हूक थेट डोळ्यावर येतो. शिवाय तो ताणत राहतो, त्यामुळे सामान प्रत्येक खड्ड्याला इंचभर सरकतं. बकलचे चपटे पट्टे वापरा आणि उरलेली टोकं गुंडाळून चिकटपट्टीने बांधा. मोकळं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं की मागचं चाक जागीच अडकतं. सायलेन्सरच्या बाजूची बॅग सीटवर दोघं बसल्यावर किती खाली येते ते पाहा. उभ्या गाडीत चार बोटं दिसणारं अंतर खड्ड्यात शून्य होतं आणि बॅग वितळते. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाऊ नये. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, कारण सामान दबतं आणि पट्टे सैल पडतात.

सामान चढल्यावर चार गोष्टी बदलायच्या. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) दोन-तीन खाचा वाढवा, त्याचा आकड्यासारखा पाना टूलकिटमध्ये असतो. हवा मॅन्युअलमधल्या ‘मागे माणूस असताना’च्या आकड्याइतकी भरा, तीही टायर गार असताना. पंपापर्यंत पाच किलोमीटर गेल्यावर मोजलेला आकडा वाढलेला असतो. हेडलाइटचा झोत खाली घ्या, नाहीतर मागची बाजू दबल्यामुळे तो समोरच्याच्या डोळ्यांत जाईल आणि तुमच्यापुढचा रस्ता अंधारात राहील. चौथी गोष्ट चेन, तिचं उत्तर खाली आहे.

मग एका रविवारी सगळं सामान बांधून, मागे पत्नीला बसवून शंभर किलोमीटरची फेरी मारा. बेलापूरहून पेणपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. या फेरीत जे खटकेल ते सुधारायला हाताशी दोन आठवडे असतील.

मेकॅनिकने चेन आवळून दिली, म्हणाला लांब जायचंय तर टाइट असलेली बरी. आता खालून गुरगुर ऐकू येते. (वाशी)

ती गुरगुर आवळलेल्या चेनचीच असणार. लगेच सैल करा.

मागचं चाक वर-खाली होतं तेव्हा ते स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खिळीभोवती फिरतं, आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) त्या खिळीच्या थोडं पुढे असतं. स्प्रॉकेट, खिळी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. दोन माणसं आणि सामान बसलं की गाडी याच स्थितीजवळ येते. उभ्या गाडीत ‘बरोबर’ वाटणारी चेन तेव्हा तारेसारखी ताणली जाते. हा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. सैल चेन आवाज करून सांगते, घट्ट चेन आतून बेअरिंग खाते.

बऱ्याच रस्त्यावरच्या गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर ढील लागते. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या मधोमध बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजा. चाक फिरवत चार-पाच जागी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथला आकडा धरायचा. सगळं झाल्यावर दोघं सामानासह गाडीवर बसा आणि तिसऱ्या माणसाला बोट लावायला सांगा. तेव्हाही थोडी हालचाल उरली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघा, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने घासतात.

ओ-रिंगच्या चेनला रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चालत नाही, त्याने रबरी रिंगा जातात आणि आतलं ग्रीस निघून जातं. वंगण म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल पुरेसं आहे. दर ५०० किलोमीटरला, दिवसाचा प्रवास संपल्यावर चेन गरम असताना आतल्या बाजूने लावा. रात्रभर ते मुरतं आणि सकाळी टायरवर उडत नाही. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून चेनला फडकं कधीच लावू नका, बोटं जातात.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट निघण्याआधी बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर ती लवकर झिजते.

तारांच्या चाकाची, ट्यूबवाली गाडी आहे. रस्त्यात पंक्चर झालं आणि जवळ पंक्चरवाला नसेल तर स्वतः काढता येईल का? (घोडबंदर रोड)

येईल, पण पहिल्यांदा घरी करून पाहिलं असेल तरच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा मागचं चाक काढून बसवा. पहिल्या वेळी दोन तास लागतील, रस्त्यावर ते पाऊण तासावर येईल.

बरोबर काय न्यायचं ते आधी. पुढची आणि मागची अशा दोन नव्या ट्यूब, तीन टायर लिव्हर, ॲक्सलच्या नटचा पाना, व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, हवेचा पंप आणि साबणाची वडी. बॅटरीवर चालणारा पंप असेल तर उत्तम, तरी पायपंपही ठेवा.

ट्यूबची हवा क्षणात जाते, ट्यूबलेससारखी हळूहळू नाही. मागची शेपटी डोलू लागली की थ्रॉटल सोडा, गाडी सरळ ठेवा, मागचा ब्रेक न मारता पुढचा अलगद लावत कडेला घ्या. सामान उतरवा. मेन स्टँड कडक जागेवर लावा, गाडीला तो नसेल तर सोबतच्या गाडीचा आणि दगडाचा आधार शोधावा लागेल. ॲक्सल काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे बुश कुठे, कोणत्या तोंडाने आहेत त्याचा फोटो काढा, उलटे बसले तर चाक घासतं. चेनचे ॲडजस्टर हलवू नका. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना पेडल दाबू नका, पॅड जवळ येतात आणि डिस्क पुन्हा आत जात नाही.

व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिमपासून सोडवायला त्यावर टाचेने उभे राहा. मग कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. सगळं गुपित या खोलगट भागात आहे. समोरच्या बाजूची कड त्यात बसली असेल तर लिव्हरला जोर लागत नाही. जोर लागत असेल तर कड वर चढलेली आहे. अशा वेळी जोर वाढवलात की लिव्हर नवी ट्यूब फाडते. एका बाजूची कडच काढायची, टायर पूर्ण उतरवायची गरज नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आत फडकं फिरवून खिळा शोधा. बोटं घालू नका. खिळा राहिला तर दहा मिनिटांत दुसरी ट्यूब जाईल.

नवी ट्यूब गोल दिसेल एवढीच हवा भरून आत घाला, म्हणजे ती दुमडत नाही. व्हॉल्व्ह रिममधून काढून नट दोन आटे लावा. कड बसवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हजवळ संपवा. कडेला साबण लावा. हवा भरताना टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली की टायर नीट बसला. ॲक्सल आवळल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबा, चाक हाताने फिरवून बघा आणि वीस किलोमीटरवर थांबून हवा पुन्हा मोजा.

जुनी ट्यूब फेकू नका, संध्याकाळी तंबूपाशी निवांत पॅच लावा. घासलेल्या जागी सोल्युशन लावून त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं असतं. रस्त्यावर घाईत ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच टायर तापला की सुटतो. म्हणून रस्त्यात नवी ट्यूब, कॅम्पवर पॅच.

कळव्याहून हंपीजवळचं होस्पेट एका दिवसात होईल का? कोणत्या रस्त्याने? (कळवा)

अंतर साधारण ७३५ किलोमीटर आहे. थांबे धरून लादलेल्या ३५०ची सरासरी ताशी ५०च्या आसपास पडते, म्हणजे पंधरा तास. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास असतो. सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन तास अंधारात जातील, त्यातले शेवटचे दोन सर्वांत थकलेले असताना आणि अनोळखी रस्त्यावर. वर तंबूही अंधारात लावायचा. दोन दिवस घ्या आणि पहिला मुक्काम कोल्हापूरला करा. तिथवर ३८० किलोमीटर, पुढे ३५५.

पहाटे पाचला निघून विटावा, ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे, कळंबोली. मुंब्रा बायपास-शिळफाटा अवजड गाड्यांमुळे टाळलेला बरा. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि कळंबोलीत सरळ गेलात तर तुम्ही त्याच्याच तोंडाशी जाता. पनवेलचा रस्ता धरून चौक, खोपोली आणि शिंग्रोबाच्या बाजूने जुन्या घाटाने लोणावळ्याला चढा. (अटल सेतू आणि समृद्धी यांवरही दुचाकी चालत नाही, इतर पत्रांत विचारलं आहे म्हणून इथेच सांगतो.) पुण्यात बायपासवर कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. जाताना तुम्हाला तो चढ लागेल. परतताना मात्र बोगद्यातून बाहेर पडताच वेग उतरवा, गिअर खाली ठेवा आणि आरशात मागच्या ट्रककडे लक्ष असू द्या. पुढे सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी. हुबळीला महामार्ग सोडून गदग, कोप्पळवरून होस्पेट.

दर ८०-९० किलोमीटरला दहा मिनिटं उतरा, तहान नसली तरी पेलाभर पाणी प्या. टाकी १३ लिटरची आणि ॲव्हरेज ३०चं असलं तरी २५० किलोमीटरला पेट्रोल भरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, तळाला गेलेल्या टाकीवर गाडी रेटू नये.

कॅम्पवर गाडीच्या बॅटरीवर एलईडी दिवा आणि मोबाइल चालवता येईल का? (खारघर)

इंजिन बंद असताना नको. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम ९६ वॅट-अवर साठा असतो. १० वॅटचा दिवा सहा तास जळला की ६० गेले. उरलेल्यावर, त्यात थंडीत, स्टार्टर फिरत नाही. अनेक नव्या गाड्यांना किक नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर ढकलूनही चालू होत नाहीत, कारण पेट्रोलच्या पंपाला आणि इंजेक्शनच्या यंत्रणेला वीज लागते. मोबाइल आणि पॉवर बँक गाडी चालू असताना चार्ज करा, दिव्यासाठी डोक्याला बांधायची टॉर्च न्या. जादा फॉग लाइट लावले असतील तर ते रिले (जास्त वीज सांभाळणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूजवर हवेत. १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज जवळ ठेवा.

तंबू कोणता घ्यावा आणि कुठे लावावा? साप-विंचवाची भीती वाटते. (नेरूळ)

दोघांसाठी तीन माणसांचा, दुहेरी कापडाचा घ्या, म्हणजे हेल्मेट-जॅकेट आत मावतात. वजन तीन किलोच्या आत आणि काठ्यांची घडी ४५ सेंटिमीटरच्या आत असावी, नाहीतर ती सीटवर आडवी बसत नाही. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणाराच घ्या. हंपीच्या खडकात आणि कोकण-गोव्याच्या जांभ्यात सोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. लोखंडी खिळ्यासारख्या आठ खुंट्या न्या, त्याही गेल्या नाहीत तर दोऱ्या दगडांना बांधा.

खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा दोन बोटं लहान कापा. बाहेर आलेल्या कडेवर दव साठतं आणि ते पाणी तुमच्या खाली जातं. हवेच्या खिडक्या थंडी असली तरी उघड्या ठेवा, बंद केल्या तर श्वासाची वाफ छतावर धरून सकाळी पाठीवर ठिबकते. आत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोव्यात नारळाखाली तंबू लावू नका, तिथली सावली महागात पडते.

गाडी तंबूपासून तीन-चार मीटर दूर, पहिल्या गिअरमध्ये लावा. साइड स्टँडखाली तळहाताएवढी लाकडी फळी किंवा चपटा दगड हवा. संध्याकाळी कडक वाटणारी माती दवाने मऊ होते आणि लादलेली गाडी पहाटे आडवी होते. वाळक्या गवतावर तापलेला सायलेन्सर नेऊ नका, आग लागते.

विंचवाची भीती रास्त आहे. सकाळी बूट, हातमोजे, हेल्मेट उलटे करून झटका, मगच घाला. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर उपचार बदलले. मात्र ते डॉक्टरांनी द्यायचं औषध आहे, खिशात ठेवायचं नव्हे. दंश झाल्यावर घाम, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तर थांबू नका, सरकारी रुग्णालय गाठा. साप चावला तर तो भाग हलवू नका, चिरू नका, करकचून बांधू नका. चावलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही. रात्री तंबूबाहेर पाऊल टाकताना टॉर्च आणि बूट हवेतच, फुरसं रात्रीच फिरतं.

आठ गाड्या एकत्र जाणार आहोत. (वागळे इस्टेट)

चार-चारचे दोन गट करा आणि त्यांच्यात पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा. पुढे रस्ता जाणणारा, त्याच्यामागे सर्वांत नवखा, शेवटी पंक्चर काढता येणारा आणि पाने-पकड बाळगणारा. पुढच्याच्या थेट मागे न राहता तिरकं चाला, अंतर दोन सेकंदांचं. ओव्हरटेक ज्याचा त्याने आपल्या नजरेने करायचा, ‘तो गेला म्हणून मी’ यातूनच समोरासमोर धडका होतात. पेट्रोल सर्वांत लहान टाकीच्या हिशोबाने सगळ्यांनी एकदम भरायचं.

जादा पेट्रोल कॅनमधून न्यावं का? (कोपरखैरणे)

या मार्गांवर गरज नाही. प्लास्टिकच्या बाटलीतलं पेट्रोल साइड बॅगमध्ये, सायलेन्सरच्या वर, हा तर सरळ धोका आहे.

रॅलीत रात्री उशिरापर्यंत पार्टी असते आणि सकाळी सहाला परतायचं असतं. काय काळजी घ्यावी? (सीवूड्स)

पिणार असाल तर सहाला निघू नका. शरीर साधारण तासाला एक पेग या गतीने दारू बाहेर टाकतं. रात्री दोनपर्यंत सहा पेग झाले तर सकाळी सहालाही तुम्ही कायद्याच्या मर्यादेपलीकडे असू शकता. ती मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. कॉफीने किंवा गार पाण्याने ती गती वाढत नाही. परतीचा प्रवास अकराला सुरू करून कोल्हापूर मुक्कामी आटपा. गोव्याहून येत असाल तर परवान्याशिवाय बाटल्या आणू नका, सीमेवर तपासणी होते.

निघण्यापूर्वी इंजिन ऑइलची पातळी पाहा. इंजिन गरम करून बंद करा, पाच मिनिटांनी गाडी सरळ उभी धरून काचेतून बघा. एअर-कूल्ड इंजिन महामार्गावर थोडं ऑइल खातं. त्याच ग्रेडची अर्ध्या लिटरची बाटली सामानात असू द्या, वाटेतल्या गॅरेजमध्ये ती ग्रेड मिळेलच असं नाही. रात्री चेनला तेल लावलं असेल तर मागच्या टायरवर हात फिरवून ते उडालेलं नाही ना तेही पाहून घ्या.